घडीला हात लावायचा नाही

"हात मांडीवर ठेवायचं, दाजी. काय बी झालं तरी घडीला हात लावायचा न्हाय," असे म्हणून धोंडीरामने स्वतःचे दोन्ही हात मांड्यांवर चापून दाखवले. उभ्या माणसाने मांडीवर हात ठेवले की तो जरा विचित्रच दिसतो. पण ही वेळ हसण्याची नव्हती.

नवी पेठेतल्या साड्यांच्या दुकानाच्या जिन्याखाली मेहुणा आपल्या दाजींना धडे देत होता. दाजी म्हणजे ज्ञानू निमगिरे. याच जिन्याच्या पहिल्या पायरीशी चपला काढून ज्ञानू रोज सकाळी वर जायचा, पोरगी जन्मायच्या आधीपासून. आज मात्र त्याच्या पायात बूट होते आणि अंगात धोंडीरामच्या साडूचा कोट होता. सोलापूरचे एप्रिलातले ऊन आणि त्यात कोट. मानेवरून घामाचे ओघळ कॉलरमध्ये उतरत होते, आणि धोंडीराम बजावत होता की घाम पुसायचा तर रुमालाने पुसा, बाहीने नको, मॅनेजर लोक बाहीने पुसत नाहीत.

ज्ञानू मॅनेजर कसा झाला ते आधी सांगायला हवे. आरोहीला बघायला मोडनिंबची मंडळी आली होती. हायवेला लागून खतांचे मोठे दुकान, मागे डाळिंबाची बाग, मुलगा अभिमन्यू पुण्यात कंपनीत. आरोहीही पुण्यातच औषधांच्या कंपनीत होती, दोघांची पसंती आधीच झालेली होती, राहिली होती ती रीत. मुलाच्या आईने सहज विचारले, मुलीचे वडील काय करतात? ज्ञानू तोंड उघडणार तेवढ्यात धोंडीराम बोलून मोकळा झाला, की दाजी नवी पेठेत मोठ्या शोरूमला मॅनेजर हायत. ज्ञानूने बायकोकडे पाहिले. रंभाने नजरेनेच त्याला गप्प केले. आरोही पोह्यांच्या बशा गोळा करत होती. तिने ऐकले आणि तीही काही बोलली नाही. ते तिचे न बोलणे ज्ञानूला मेहुण्याच्या खोट्यापेक्षा जास्त लागले.

खोट्याला पाय फुटायला वेळ लागत नाही. मुलाची आई म्हणाली, मग काय, बस्ता तुमच्याच दुकानात बांधायचा. व्याही मॅनेजर असताना दुसरीकडे कशाला जायचे? आता बस्ता म्हणजे दोन्हीकडच्या बायका, करवल्या, काक्या, सगळ्यांनी मिळून एका बैठकीत लग्नाचे कापड घ्यायचे. नाही म्हणायला तोंड उरले नव्हते.

ज्ञानूचे खरे काम असे होते. तो साड्या दाखवायचा, आणि दाखवायचा म्हणजे नुसत्या घड्या मोडून पसरायचा नाही. गादीवर पसरलेल्या साडीवर बायकांचा विश्वास बसत नाही. ती अंगावर कशी पडते, पदर कसा सुटतो, काठ कुठे येतो ते दिसावे लागते. मग दुकानातल्या माणसाने गादीवर उभे राहायचे, साडीचे टोक कमरेला खोचायचे, झपझप निऱ्या घालायच्या, खांद्यावरून पदर टाकायचा आणि एकदा सावकाश वळायचे. नजर खाली ठेवायची. बायकांनी साडीकडे बघायचे, माणसाकडे नाही, म्हणून माणसाने आपले डोळे काठावर ठेवायचे. हा धंद्याचा नियम होता.

ज्ञानू जेऊरच्या तालमीत अंग कमावलेला गडी. रंगाने काळाभोर, छाती रुंद, मिशा अशा की चहा पिताना आधी त्या बाजूला कराव्या लागत. अशा माणसाच्या अंगावर मोतिया रंगाची साडी चढली की दुकानात एक क्षण सगळे थांबायचे. मालक गल्ल्यावरून म्हणायचे, ज्ञानूच्या खांद्यावर पदर पडला की साडी विकली समजा. बायकांबरोबर आलेले पुरुष मोबाईलमधून डोके वर काढायचे आणि एकमेकांना कोपराने ढोसायचे. जेऊरच्या जत्रेत जुने सोबती त्याला बायल्या म्हणून हाक मारायचे आणि वर भेळ खायला घालायचे. ज्ञानूने ते सगळे पचवले होते. एक गोष्ट मात्र पचली नव्हती. आरोही पाचवीत असताना वर्गातल्या एका पोराने तिचीच ओढणी अंगाला गुंडाळून, मिशी पिळत, सगळ्या वर्गासमोर तिच्या बापाची नक्कल केली होती. घरी येऊन पोरीने विचारले होते, "पप्पा, तुम्हाला दुसरं कुठलं काम येत नाही का?" त्या दिवसानंतर ती दुकानाचा जिना कधी चढली नाही. तिच्यासाठीच्या साड्या ज्ञानू पिशवीत घालून घरी न्यायचा आणि घडीतच दाखवायचा.

आज ती जिना चढत होती. पुढे होणारी सासू, नणंद अंकिता, मोडनिंबच्या दोन काक्या आणि मागे रंभा. अभिमन्यू आणि त्याचे वडील शेजारच्या गल्लीत कोट शिवायला टाकायला गेले होते. मालकांना आधीच विश्वासात घेतले होते. ते मिस्कील होते. एक दिवस तू मॅनेजर हो, माझं काय जातंय, असे म्हणून त्यांनी परवानगी दिली होती, आणि आता गल्ल्यावरून अर्धे उठून त्यांनी "या, साहेब" म्हटले, ते इतक्या सरळ चेहऱ्याने की धोंडीरामला स्वतःच्या करामतीचे कौतुक वाटले. गादीच्या शेजारी एक गुबगुबीत खुर्ची मांडली होती. ज्ञानू तीत बसला. हात मांडीवर.

गादीवर मकदूम होता. ज्ञानू आणि मकदूम एकाच दिवाळीत दुकानाला लागले, एकाच डब्यात जेवले, एकमेकांच्या घरच्या लग्नांत राबले. आदल्या दिवशी ज्ञानू ओशाळून त्याला सगळे सांगायला गेला, तेव्हा मकदूमने पूर्ण ऐकूनही घेतले नव्हते. "फिकर नक्को कर रे. तेरी बेटी सो मेरी बेटी. कल तू साब, मैं नौकर," म्हणाला, आणि हसून घड्या घालायला लागला.

बस्ता सुरू झाला. मकदूम एकामागून एक साड्या मोडत होता, लाल, मोरपंखी, जांभळ्या, आणि गादीवर रंगांचा ढीग चढत होता. मोडनिंबच्या काक्यांना काठ हवा होता तिथे बुट्टे आवडत नव्हते आणि बुट्टे हवे होते तिथे रंग. ज्ञानूला कळत होते की मकदूमने तिसऱ्या कप्प्यातला शालू काढायला हवा. पण साहेबाला हे कळून चालणार नव्हते. त्याने ओठ मिटले. रंभाने त्याला कोपर मारले तेव्हा त्याच्या लक्षात आले की आपली बोटे कोटाच्या खालच्या कडेला निऱ्या घालत आहेत.

मग मुलाची आई म्हणाली, "नुसतं असं पसरून काय कळतंय? अंगावर कशी दिसती ती?"

मकदूम उभा राहिला. त्याने गुलाबी साडी कमरेला खोचली, निऱ्या घातल्या आणि पदर खांद्यावर टाकला. मेंदीने रंगवलेली दाढी, डोक्यावर पांढरी टोपी, नजर खाली. काक्यांनी तोंडाला पदर लावला. अंकिताने मोबाईल उचलला आणि शूटिंग करता करता ती इतकी हसायला लागली की मोबाईल हलायला लागला.

"बाई बाई, पुरुषासारखा पुरुष," मुलाची आई म्हणाली. तिच्या बोलण्यात खवचटपणा नव्हता, मजाच होती. म्हणूनच ती जास्त बोचत होती. "घरी बायको काय म्हणत असंल ओ याची?" आणि ती ज्ञानूकडे वळली. "पाव्हणं, ही असली माणसं कुटं मिळत्यात तुमाला? आमच्यातल्या कुनी असं केलं, तर गावात तोंड दाखवायला जागा राहायची न्हाय."

सगळ्यांनी ज्ञानूकडे पाहिले. साहेब काय म्हणतात ते बघायला.

ज्ञानू हसला.

फार नाही, मिशीतल्या मिशीत. पण हसला. समोरच्या भिंतीवर हा एवढा आरसा होता आणि मकदूम नेमका त्या वेळी पाठमोरा वळला होता. आरशात दोघांची नजरानजर झाली. मकदूमचा चेहरा बदलला नाही. त्याने वळण पूर्ण केले, पदराचा काठ सरळ केला आणि पुन्हा नजर खाली घेतली. ओढणी गुंडाळलेल्या त्या पोराच्या समोर बसून जी पोरे हसली असतील, त्यांत आपणही जाऊन बसलो, असे ज्ञानूला वाटले. स्वतःचा इतका राग त्याला आयुष्यात आला नव्हता.

"काका, जरा लाजून दाखवा ना," अंकिता म्हणाली. "पदर असा दातात धरा. मस्त रील होईल."

मकदूम थांबला. एरवी असल्या गिऱ्हाइकाला त्याने गोड बोलून वाटेला लावले असते. आज त्याने ज्ञानूकडे पाहिले आणि अगदी हळू विचारले, "साब, करू?"

त्या विचारण्यात टोमणा नव्हता. असता तर बरे झाले असते. पोरीच्या लग्नासाठी हेही करायला लागत असेल तर करतो, एवढेच त्यात होते. पाठीमागे धोंडीराम खाकरला. रंभाने ज्ञानूची बाही धरली. आरोही खाली बघत बसली होती आणि तिचे कान लाल झाले होते.

ज्ञानूने बाही सोडवून घेतली. उठला. कोट काढून त्याने धोंडीरामच्या हातात दिला, आणि हातात देताना तो उलटा झाला होता तो नीट करून दिला, कारण कापड कुणाचेही असो, त्याची हेळसांड त्याला बघवत नसे. मग वाकून बूट काढले, मोजे काढले आणि तो गादीवर चढला.

"उतर खाली, मकदूम," तो म्हणाला. "आता मी लावतो."

"दाजी," धोंडीराम म्हणाला.

ज्ञानूने तिसऱ्या कप्प्यातला हिरवा शालू काढला आणि झटक्यात घडी मोडली. कापड हवेत फुलले आणि गादीवर उतरायच्या आत त्याच्या हातात आले. टोक कमरेला गेले. बोटांनी सकाळपासून स्वतःला कोंडून घेतले होते, ती निऱ्यांवर तुटून पडली. पदर खांद्यावर गेला. जिथे बसायला हवा तिथे तो बसला आणि काठाची जर दिव्याखाली लखलखली. काळाभोर ज्ञानू, त्या मिशा, आणि त्यावर नवरीचा हिरवा शालू. काक्यांपैकी एक पुन्हा हसणार होती, पण तिला कुणाची साथ मिळाली नाही.

"ताई," ज्ञानू म्हणाला, "असली माणसं कुटं मिळत्यात इचारलंसा न्हवं? हितं मिळत्यात. मी मॅनेजर न्हाय. आरोही जन्मायच्या आदीपासनं मी ह्या गादीवर उभा हाय आन् असाच उभा हाय."

मालकांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

धोंडीराम सावरासावर करायला पुढे झाला. दाजी थट्टा करतायत, त्यांना गिऱ्हाइकाशी थट्टा करायची सवय आहे, वगैरे. मुलाच्या आईने त्याला हातानेच थांबवले.

"म्हंजे आमाला फसवलंत तुमी."

"व्हय," ज्ञानू म्हणाला. "फसवलं. ते माजं चुकलं, आन् त्याची माफी मागतो. काम लपवलं ते चुकलं. काम न्हाय चुकलं." मग तो अंकिताकडे वळला. "पोरी, तुला शूटिंग काढायचंय न्हवं? माजं काढ. समोरनं काढ, पाठनं काढ. फकस्त लाजायला सांगू नगंस. लई वर्सं लाजून झालं माजं."

अंकिताने मोबाईल पर्समध्ये टाकला.

मुलाची आई उठली. आपण बस्ता पुण्याला बघू, बाकीचे ह्यांच्याशी बोलून कळवते, असे ती रंभाला म्हणाली. कळवते म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते. ती उद्धटपणे बोलली नाही. उलट निघताना तिने रंभाच्या हातावर हात ठेवला, जणू रंभाच्या घरी काही वाईट घडले होते. अंकिता आणि मोडनिंबच्या काक्या तिच्यामागून जिना उतरल्या. धोंडीराम कोट हातात धरून त्यांच्यामागे धावला.

रंभाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागले होते. "एकच दीस," ती ज्ञानूला म्हणाली. "एक दीस गप बसायचं व्हतं तुमास्नी. पोरीचं सोनं झालं असतं." ती खोटे बोलत नव्हती, आणि पोरीची काळजी तिला ज्ञानूपेक्षा कमी नव्हती. ती जिन्याच्या कठड्यापाशी जाऊन पाठ करून उभी राहिली.

मकदूम पसरलेल्या साड्या गोळा करत होता. ज्ञानू त्याला म्हणाला, "हसलो मी तुला."

"हौ. दिसलं मला."

"माफ कर."

मकदूमने हातातली घडी पुरी केली. घडी कप्प्यात सरकवली. मग म्हणाला, "साब झाल्या झाल्या बिगडला तू. एक दिन में." आणि त्याने ज्ञानूच्या पायापाशी आलेले साडीचे टोक उचलून धरले, कारण ते गादीखाली काढून ठेवलेल्या बुटांवर लोळत होते.

आरोही अजून स्टुलावर बसून होती. तिच्याकडे बघायचा ज्ञानूला धीर होईना. मुलीचे ठरलेले लग्न आपण भर दुकानात मोडले, हे आता कुठे त्याच्या नीट ध्यानात येत होते. आणि वर हेही कळत होते, की पुन्हा तीच वेळ आली तर आपण पुन्हा हेच करू. त्याने खांद्यावरचा पदर उतरवायला हात घातला.

"थांबा, पप्पा," आरोही म्हणाली. "काढू नका."

"बाळा, आता कशाला..."

"मी बघितली नाही अजून."

तेवढ्यात तिचा मोबाईल वाजला. अभिमन्यू होता. बातमी जिना उतरून शेजारच्या गल्लीत पोहोचायला कितीसा वेळ लागणार? तिकडून तो बराच वेळ बोलत होता. आरोही ऐकत राहिली. मग ती बोलायला लागली. "नाही अभी, त्यांना वेड लागलेलं नाही. ते कामावर आहेत. मॅनेजर आहेत म्हणून सांगितलं तेव्हा मी पण तिथंच होते आणि मी गप्प बसले, त्यामुळे जे विचारायचंय ते मला विचार. मी वरच आहे, पहिल्या मजल्यावर. ये. पण खालीच सगळं ठरवून मग जिना चढ. वर आल्यावर माझ्या वडिलांकडे बघून हसायचं असेल, तर येऊ नकोस."

तिने मोबाईल गादीवर पालथा ठेवला. मालकांकडे वळून म्हणाली, की हा शालू बाजूला काढून ठेवा, तो मी घेणार आहे. मालक म्हणाले, अगं पण नवरीचा शालू मुलाकडचे घेतात. ती म्हणाली, माहीत आहे. मग स्टूल ओढून ती गादीच्या अगदी समोर येऊन बसली. जवळ, जिथे बाकीची गिऱ्हाइके बसतात तिथे. पाचवीतली आरोही कुठल्या कुठे गेली होती आणि तरीही ज्ञानूला तीच दिसत होती.

"पदर नीट पडला नाही," ती म्हणाली. "पुन्हा लावा. सावकाश."

ज्ञानूने पदर काढला आणि पुन्हा टाकला. मकदूम गुडघ्यांवर बसून निऱ्यांचा खालचा काठ सरळ करायला लागला, दोघांनी मिळून शालू दाखवताना करतात तसे. कठड्यापाशी उभ्या असलेल्या रंभाने मान वळवली.

"मागून दाखवा."

तो वळला. आरशात त्याला आपली रुंद पाठ दिसली, तिच्यावरून सुटलेला हिरवा पदर दिसला आणि पलीकडे दोन्ही हात मांडीवर ठेवून एकटक बघणारी मुलगी दिसली. जिन्यावर कुणाची तरी पावले वाजत होती. कुणी गिऱ्हाईक असेल, धोंडीराम असेल, नाहीतर तो मुलगा. कुणीही असो. ज्ञानू सावकाश वळला, समोर आला आणि नियमाप्रमाणे त्याची नजर काठाकडे निघाली होती, ती त्याने अर्ध्यावर थांबवली आणि वर उचलून सरळ पोरीच्या डोळ्यांत ठेवली.